लीगलमध्ये एआय: खरंच कोण वापरतंय आणि कशासाठी?

चाकणची_लीगल

नमस्कार मंडळी. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत लीगल बघते. विभाग म्हणजे मी, एक कंपनी सेक्रेटरी आणि दोन ज्युनियर, बस्स. सध्या वरून एकच धोशा लागलाय की एआय घ्या, सगळे घेतायत. सेल्सवाले येऊन डेमो देऊन जातात, त्यात पन्नास पानी करार अर्ध्या मिनिटात तपासून होतो, साहेब लोक खूश होतात आणि मग माझ्याकडे असे बघतात की तुम्ही चौघं मग दिवसभर करता तरी काय.

तर इथे वकील, इनहाऊसवाले, फर्मवाले बरेच आहेत म्हणून विचारते. खरंच कोण वापरतंय, कुठल्या कामाला, आणि कुठल्या कामाला मुद्दाम हात लावू देत नाही? "वकिलांच्या नोकऱ्या जाणार" टाइप चर्चा नको, ती लिंक्डइनवर पोटभर वाचून झालीये.

लोअरपरळ

मुंबईतल्या फर्ममध्ये आहे, कुठल्या ते विचारू नका. वापरतो, रोज वापरतो. मोठ्या फर्म्सचं तर जाहीरच आहे, लंडनच्या ॲलन अँड ओव्हरीने फेब्रुवारी २०२३ मध्ये हार्वी (वकिलांसाठीचं एआय टूल) आणलं, साडेतीन हजार वकिलांच्या हातात दिलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे सिरिल अमरचंद मंगलदासने घेतलं. त्यानंतर रांगच लागली. एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा या निवाड्यांच्या डेटाबेसवाल्यांनीही स्वतःचं एआय काढलंय.

पण बाहेरच्यांना वाटतं तसं कुणी "मला युक्तिवाद लिहून दे" म्हणत नाही. ड्यू डिलिजन्समध्ये (कंपनी विकत घेण्याआधीची तपासणी) डेटा रूममध्ये, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन कपाटात, चारशे करार असतात, त्यातल्या कुठल्या करारात कंपनीची मालकी बदलली तर समोरच्याला करार मोडायचा हक्क आहे, कुठे परवानगी लागते, कुठे लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येणं) आहे, हे शोधायला आधी तीन असोसिएट रात्र रात्र बसायचे. आता पहिला तक्ता मशीन काढतं, पान नंबरासकट, आणि असोसिएट तो तपासतो. तपासायला वेळ जातोच, पण कोऱ्या कागदापासून सुरुवात नसते. त्याशिवाय ईमेलची साखळी वाचून टिपण काढणं, क्लायंटला पाठवायच्या मेलचा पहिला मसुदा, मीटिंगचे मुद्दे, असली कामं. केस लॉ शोधायला मी तरी अजून जुन्याच पद्धतीने जातो.

नि५

तालुका कोर्टात दिवाणी करतो, थोडं फौजदारी. (आयडी बघून वकील मंडळींना कळलं असेलच, आमचं निम्मं आयुष्य निशाणी ५ च्या अर्जावर तात्पुरता मनाई हुकूम मागण्यात जातं.)

आमच्या बार रूममध्ये चाळिशीच्या आतले जवळपास सगळे मोबाईलवर काही ना काही वापरतात पण कबूल कुणी करत नाही. मी सांगतो मी काय करतो. वाटणीच्या दाव्यात दोन पिढ्यांचे फेरफार असतात, ते मी आधी स्वतः वाचून साध्या मराठीत टाइप करतो, नावं बदलून, आणि मग त्याला सांगतो की तारीखवार लाव आणि वंशावळीशी कुठे जुळत नाही ते दाखव. हे काम ते फार चांगलं करतं. एखादी बहीण १९७०-८० च्या वारस नोंदीतून गायब झालेली असते ते डोळ्यातून सुटतं, त्याच्या सुटत नाही.

फौजदारीत सरतपासणी (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने विचारणं) झाली की साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवून विसंगती काढायला पण बरं पडतं. दहातल्या तीन फालतू असतात, पण उलटतपासणीची तयारी लवकर होते.

काय जमत नाही ते पण सांगतो. तलाठ्याचं हस्ताक्षर. जुन्या सातबाऱ्याचा फोटो टाका, हेक्टर-आर मध्ये बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगतं आणि आवाज असा की जसं काही मोजणीला स्वतः हजर होतं. मोडी तर सोडाच. आणि सगळ्यात धोका नव्या कायद्यांचा. १ जुलै २०२४ पासून कलमं बदलली, आता ४८२ म्हटलं की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आणि तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन! मशीनने वाचलेला बहुतेक मजकूर जुन्या कलमांचा, त्यामुळे ते बिनधास्त खिचडी करतं. क्वॅशिंगला (गुन्हा रद्द करून घ्यायला) आता ५२८ लागतं हे तीनदा सांगितलं तरी चौथ्यांदा परत ४८२ लिहितं.

जुनाजाणता

वरचं सगळं वाचलं. मी पस्तीस वर्षं या धंद्यात आहे आणि मला यातलं काही नको, जुनाट म्हणा हवं तर.

२०२३ ची न्यूयॉर्कची माटा विरुद्ध एव्हियांका केस सगळ्यांना पाठ झालीये, विमानात गुडघ्याला सर्व्हिंग ट्रॉली लागली म्हणून दावा, वकिलाने चॅटजीपीटीतून निवाडे काढले, ते निवाडे जगात कुठेच नव्हते. वकिलाने त्यालाच विचारलं की हे खरे आहेत ना, ते म्हणालं हो खरे आहेत. ५००० डॉलर दंड झाला. तेव्हा आपल्याकडे हसले लोक. मग बंगळुरूच्या आयकर न्यायाधिकरणाचा डिसेंबर २०२४ चा आदेश मागे घ्यावा लागला, त्यात असेच हवेतले निवाडे होते. हा वकिलाचा अर्ज नव्हता, आदेश होता! सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टात एका याचिकेत राज नारायण निवाड्याचे परिच्छेद ७३ आणि ७४ उद्धृत केले, मूळ निवाड्यात परिच्छेदच २७. याचिका मागे घ्यावी लागली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने आयकर खात्याचा फेसलेस असेसमेंटचा (समोरासमोर न भेटता ऑनलाइन कर आकारणीचा) आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते.

यात मला दंडाचं काही वाटत नाही. मला वाटतं ते समोरच्या पक्षकाराचं. त्या करदात्याला हायकोर्टात जायला पैसे होते म्हणून गेला. ज्याच्याकडे नाहीत त्याने काय करायचं, तलाठ्यापासून प्रांतापर्यंत उद्या सगळे असेच आदेश काढायला लागले तर?

टोकन_मोजणारा

वकील नाही, आयटीवाला आहे, लीगल टेक प्रॉडक्टवर काम केलंय. जुनाजाणता साहेब, निवाडे का बनवतं ते थोडक्यात सांगतो. हे मॉडेल कुठल्या कपाटातून निवाडा काढून देत नाही, पुढचा शब्द कुठला येईल हे ठरवत जातं. निवाड्याच्या नावाचा साचा एकदम ठरलेला असतो, अमुक विरुद्ध तमुक, साल, खंड, रिपोर्टर, पान. साचा जितका ठरलेला तितकी बनावट बेमालूम.

म्हणून कायद्याची खास टूल्स आधी खऱ्या डेटाबेसमध्ये शोध घेतात, सापडलेले निवाडे मॉडेलला वाचायला देतात आणि मग उत्तर लिहून घेतात. त्याने फरक पडतो पण प्रश्न संपत नाही. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२४ मध्ये तपासलं तेव्हा लेक्सिसचं टूल १७ टक्क्यांहून जास्त वेळा आणि वेस्टलॉचं साधारण ३३ टक्के वेळा चुकीचं किंवा निराधार सांगत होतं. ही नामांकित, महाग टूल्स आहेत बरं का. नंतर ती सुधारली असतील, पण सेल्सवाला "आमचं हॅल्युसिनेट करतच नाही" (म्हणजे मनाने काही बनवतच नाही) म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

यातली चूक जास्त बेरकी असते. निवाडा खरा असतो, पण तो म्हणतो त्याच्या उलट सांगितलेलं असतं, किंवा वकिलाचा युक्तिवाद कोर्टाचं मत म्हणून दिलेला असतो. नाव शोधून बघणाऱ्याला ते सापडणार नाही, निवाडा वाचावाच लागतो.

थेम्सकाठ

लंडनला पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) आहे, मूळची सांगलीची. इकडे जून २०२५ मध्ये हायकोर्टाने दोन प्रकरणं एकत्र घेऊन फार कडक निकाल दिला (अयिंदे विरुद्ध हॅरिंगे). त्यातल्या दुसऱ्या प्रकरणात, कतार नॅशनल बँकेविरुद्धच्या दाव्यात, ४५ निवाडे दिले होते त्यातले १८ नव्हतेच. आणि गंमत म्हणजे तो शोध पक्षकाराने स्वतः केला होता, सॉलिसिटरने क्लायंटवर विश्वास ठेवून तसाच पुढे दिला! कोर्टाने सांगितलं की हे फक्त त्या त्या वकिलाचं नाही, फर्म चालवणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, आणि प्रकरण गंभीर असेल तर अवमान कारवाईपर्यंत जाऊ शकतं. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक निवाड्यापुढे कुणी उघडून वाचला त्याची सही लागते.

पण याच देशात मे २०२५ मध्ये गारफिल्ड नावाच्या फर्मला परवानगी मिळाली, तिचं काम एआयवरच चालतं, १०,००० पाउंडांपर्यंतची छोटी येणी वसूल करायला. तिला मुद्दाम केस लॉ सुचवू देत नाहीत. मला हे शहाणपणाचं वाटलं, काम एकदम अरुंद ठेवलं.

हडपसर_रिव्ह्यू

पुण्यात एलपीओमध्ये (परदेशी कायद्याचं काम आऊटसोर्स होऊन येतं ती कंपनी) आहे, अमेरिकन खटल्यांची कागदपत्रं तपासतो. आमच्याकडे मशीन नवीन नाही, कुठले ईमेल संबंधित आणि कुठले नाहीत हे सॉफ्टवेअरने ठरवायला अमेरिकन कोर्टांनी २०१२ पासूनच हरकत घेतलेली नाही. तेव्हा शेकडो नमुने आम्ही हाताने लावून द्यायचो आणि ते शिकायचं. आता नुसतं साध्या इंग्रजीत सांगितलं की बास, प्रत्येक ईमेलला कारणासकट शेरा येतो.

परिणाम काय, पहिल्या फेरीचं काम आटलं. आमच्या टीममधले काही जण आता फक्त मशीनचे शेरे तपासतात, बाकीचे दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले नाहीतर सोडून गेले. नवीन एलएलबी मुलांची भरती आधीसारखी नाही. एवढंच सांगायचं होतं, कारण डेमोमध्ये हे कुणी सांगत नाही.

विद्यार्थी_एलएलबी

हे वाचून पोटात गोळा आला :( आमचे इंटर्नशिपमधले सर म्हणतात लिस्ट ऑफ डेट्स (प्रकरणातल्या घटनांची तारीखवार यादी) मशीनकडून करून घे, पण मी लिस्ट ऑफ डेट्स करूनच तर फाइल वाचायला शिकणार ना?

लोअरपरळ

@विद्यार्थी_एलएलबी, रास्त प्रश्न आहे आणि माझ्या फर्मकडे याचं उत्तर नाही. आमच्याकडे एका पार्टनर मॅडमनी नियम केलाय, पहिलं वर्ष हाताने करायचं आणि मग मशीनशी ताडून बघायचं. बाकीचे पार्टनर हसतात. मला वाटतं तिचीच पोरं पुढे टिकतील.

चाकणची_लीगल

बापरे, एवढे प्रतिसाद. थँक्यू सगळ्यांना.

आम्ही दोन टूल्सची ट्रायल घेतली, आमचेच जुने, आधी तपासलेले करार टाकून. जे दिसलं ते सांगते. भाषा छान, नुकसानभरपाईची कलमं कुठे एकतर्फी आहेत ते बरोबर पकडलं, तारखा आणि रकमांचा मेळ बसत नव्हता तो दाखवला. पण एका छोट्या सप्लायरच्या करारात ९० दिवसांनी पेमेंट होतं त्यावर शेरा "बाजारात प्रचलित". अरे बाबा तो सप्लायर एमएसएमईत (सूक्ष्म-लघु उद्योगांत) नोंदलेला, ४५ दिवसांच्या पलीकडे गेलं की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, शिवाय वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नसतील तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही. दुसरं, नोकरी सोडलेल्या इंजिनिअरवर दोन वर्षं स्पर्धकाकडे न जाण्याचं बंधन घालायचं कलम स्वतःहून लिहून दिलं, तेही ठसठशीत. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ ला ते टिकत नाही. आणि मुद्रांक १०० रुपयांचा सांगितला, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० झालाय.

म्हणजे अमेरिकेत शिकून आलेला हुशार पुतण्या जसा, इंग्रजी फर्डं पण गावचा व्यवहार माहीत नाही.

आता खरी काळजी गोपनीयतेची. त्यावर कुणी बोललंच नाही.

टोकन_मोजणारा

फुकटच्या किंवा वैयक्तिक खात्यावर कंपनीचा कागद टाकायचाच नाही, इथून सुरुवात. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात कोर्टाने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला सांगितलं की लोकांनी डिलीट केलेल्या चॅट्ससुद्धा सांभाळून ठेवा, काही महिने तो आदेश होता. कंपन्यांची एंटरप्राइज खाती त्यातून वगळली होती. करारात तीन गोष्टी बघा, तुमच्या डेटावर मॉडेलला ट्रेन करणार नाही हे लिहिलंय का, डेटा किती दिवस ठेवतात, आणि कुठल्या देशात.

जुनाजाणता

ताई, तुमच्यासाठी अजून एक. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स काढण्याच्या प्रकरणात, स्पष्ट सांगितलं की पगारी इनहाऊस वकिलाला साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे वकील-पक्षकार गोपनीयतेचं, संरक्षण मिळत नाही. बाहेरच्या ॲडव्होकेटशी केलेला पत्रव्यवहार आणि तुमच्या विभागातलं टिपण यात कायद्याने फरक आहे. आता तुमचा ज्युनियर मशीनला विचारतो की "आपण हा करार मोडला तर आपली बाजू किती कच्ची आहे", ते सगळं लेखी साठून राहतं. उद्या तेच समोर आलं तर? पूर्वी हे प्रश्न लोक केबिनचं दार लावून तोंडी विचारायचे.

नि५

+१. आणि पोक्सोचे, बलात्काराचे कागद कुणी मोबाईलवरून टाकत असेल तर कृपया आत्ताच्या आत्ता थांबवा. आमच्याकडे एकाला मी स्वतः अडवलंय.

सोसायटी_सेक्रेटरी

वकील नाही, मध्येच घुसतोय. चेक बाऊन्स झाला, वकिलाची फी वाचवायला नोटीस चॅटजीपीटीकडून लिहून घेतली, भारी इंग्रजी. काही बिघडेल का?

नि५

पैसे द्यायला १५ दिवस दिलेत का बघा आधी. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांची मुदत, ती संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. मागच्याच महिन्यात एक गृहस्थ सात दिवसांची मुदत दिलेली नोटीस घेऊन आले होते. आणि रक्कम चेकचीच मागा, त्यात नुकसानभरपाई, मनस्ताप वगैरे मिसळून एकच आकडा टाकू नका, तिथे समोरचा वकील बसलेलाच असतो.

सोसायटी_सेक्रेटरी

दहा दिवस लिहिलेत. उद्याच दुसरी पाठवतो, मुदत शिल्लक आहे. दंडवत साहेब.

थेम्सकाठ

अवांतर होतंय पण तिकडच्या कोर्टांचं काय? म्हणजे जज वापरतात का?

लोअरपरळ

भाषांतराला वापरतात, सुवास हे सुप्रीम कोर्टाचं भाषांतराचं टूल २०१९ पासून आहे. सुनावणीचं लिप्यंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं, आणि सुरुवात कुठे झाली तर आपल्याच शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. सिब्बल-साळव्यांचं इंग्रजी मशीनने उतरवून घेतलं. निकालासाठी मात्र ठाम नको म्हणतात. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं, निष्कर्ष, आदेश, निकाल यासाठी एआय चालणार नाही, मंजूर टूलच वापरायचं आणि वापराची नोंद ठेवायची. मात्र मार्च २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टात एका जामीन अर्जात न्यायमूर्तींनी चॅटजीपीटीला कायद्याची स्थिती विचारली होती, निर्णय त्यावर नाही असं लिहूनच. म्हणजे कुतूहल तिथेही आहे.

जुनाजाणता

केरळचं धोरण मी वाचलं. पहिल्यांदाच या विषयावर काहीतरी नीट लिहिलेलं वाचल्यासारखं वाटलं. आपल्याकडच्या बार असोसिएशननेही तेवढंच एक पान काढावं, पण तिथे आधी निवडणूक संपायला हवी.

चाकणची_लीगल

आमचं असं ठरतंय. एनडीए (गोपनीयतेचे करार) आणि खरेदीचे करार, एवढ्यालाच टूल. एमएसएमई, मुद्रांक, कलम २७, लवादाचं ठिकाण असे आमचे मुद्दे आधी लिहून त्याला देणार, म्हणजे प्रत्येक करार त्याच्याशी ताडून बघेल. कोर्टकचेरी, कामगारांचे वाद, चौकश्या यातलं काहीही त्यात जाणार नाही. साहेबांना "चौघांचं काम दोघं करतील" हे आकड्यात हवं होतं, ते मी दिलं नाही.

आता शेवटचा प्रश्न लोअरपरळना. तुमच्यासारख्या फर्म्स आम्हाला तासावर बिल लावतात. मशीनने तक्ता तासाभरात काढला तर मला बिल किती तासांचं येणार?

लोअरपरळ

हा प्रश्न सगळे क्लायंट विचारायला लागलेत आणि पार्टनर लोक विषय बदलतात :) खरं सांगू का, टूलचा खर्च मोठा आहे आणि तो कुठून तरी काढायचाच आहे. तुम्ही असं करा, ड्यू डिलिजन्स आणि करार तपासणी ठरलेल्या रकमेत मागा, तास फक्त सल्ल्याला आणि वाटाघाटीला ठेवा. आणि एंगेजमेंट लेटरमध्ये (फर्मला काम देतानाच्या पत्रात) लिहून घ्या की कुठल्या कामाला एआय वापरलं ते कळवायचं आणि तुमचे कागद कुठल्या टूलमध्ये जाणार ते आधी विचारायचं. नाही म्हणणार नाहीत, सध्या स्पर्धा जोरात आहे.

नि५

तुमचं बरंय, तासावर भांडण तरी करता येतं. आमचा पक्षकार प्रत्येक तारखेला पाचशे देतो आणि गेल्या आठवड्यात एक जण चॅटजीपीटीचं उत्तर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेऊन आला, म्हणे साहेब, दावा कसा लढायचा ते सगळं यात आहे, तुम्ही फक्त उभे राहा आणि फी तेवढी कमी करा. प्रिंटात कलमं सगळी जुनी. ती दुरुस्त करायचे मी वेगळे घेतले.